काल आणि कळ

आमच्या दुकानात पुरा शब्द कुणी बोलत नसे. गिऱ्हाईक पायरी चढता चढता 'सा' म्हणायचं आणि आप्पांचा हात डब्याकडे गेलेला असायचा. पालमच्या बसस्टँडवरून गावात येणाऱ्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान होतं आणि माझे वडील, म्हणजे आप्पा, सकाळी पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून एकदा गादीवर बसले की जेवणापुरतेच उठायचे. त्यांचे कान असे की समोरच्याच्या तोंडून पहिलं अक्षर निघालं की बाकीचं त्यांना आपोआप ऐकू यायचं. कुणी काल काय नेलं, कुणाकडं पाहुणे उतरलेत, कुणाला डॉक्टरनं गोड बंद केलंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात तयार. मास्तरांच्या बायकोचा 'सा' म्हणजे साखर, सुताराचा 'सा' म्हणजे साबण, आणि सोमवार उजाडला की कुणाचाही 'सा' म्हणजे साबुदाणा. लोकांना याचं केवढं कौतुक! 'आप्पाला सांगायची गरजच न्हाई' असं म्हणत पिशव्या भरून जायचे. घरात मात्र या गुणाचा जाच होता. मी 'आप्पा, मला' एवढं म्हणेपर्यंत ते 'वही ना? घे तिथली' म्हणून मोकळे व्हायचे. मला मागायची असायची परवानगी. वह्या मात्र माझ्याकडं भरपूर साठल्या.

दुकानाच्या मागं आमची ढाळज होती. बाहेरून आलेल्या माणसानं टेकायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि काय काम काढलं ते सांगायचं, अशी घराच्या तोंडाशी असलेली ती बैठकीची जागा. तिच्या एका कोपऱ्यात गव्हाची कोठी, दुसऱ्या कोपऱ्यात शेंगदाण्याची पोती, आणि मधल्या लाकडी टेबलावर संगणक. माझा थोरला भाऊ बसवराज, घरात सगळ्यांचा अण्णा, नांदेडला इंजिनिअरिंगला होता. कॉलेजनं मोडीत काढलेला हा संगणक त्यानं एसटीच्या टपावरून, गोधडीत गुंडाळून आणला. दुकानाचा हिशेब यावर ठेवू, असं त्यानं आप्पांना सांगितलं होतं. तो हिशेब त्यावर कधीच चढला नाही. पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीची टुकटुक दिवसभर चालायची, लाईट जायची, यायची, आणि आल्यावर संगणक घसा खाकरल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू व्हायचा. माय चुलीपुढून विचारायची, 'उठलं का गं तुमचं?' ती त्याला कायम उठवायची आणि झोपवायची. करडईच्या तेलात परतलेल्या लसणाचा वास, येसराच्या आमटीचा वास आणि तापलेल्या पडद्याचा वास, हे तिन्ही माझ्या नाकात आजही एकत्रच येतात.

अण्णा सुट्टीत घरी आला की आम्ही दोघं त्याच्यापुढं बसायचो. मी गंगाखेडच्या कॉलेजात बीएस्सी करत होते, विषय संगणकच घेतला होता, पण तिथं यंत्रापेक्षा विद्यार्थी फार आणि मुलींना त्याच्यासमोर बसायची पाळी शेवटी. खरं शिक्षण ढाळजेतच झालं. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून आम्ही युनिक्स जातीची एक व्यवस्था त्यात घातली आणि ती बघता बघता अण्णाच्या डोक्यात आलं की आपणही आपली एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहावी. संगणक चालू झाल्यावर त्याला हातपाय हलवायला शिकवणारी, आपली स्वतःची. एवढीशीच, पण आपली. यंत्राच्या पोटातलं काम अण्णाकडं. डिस्कवरून वाचणं, मेमरी वाटणं वगैरे. माणसाशी बोलायचं काम माझ्याकडं: माणूस आज्ञा टाइप करणार, ती समजून घेणार कोण, फायलींना नावं कशी असणार, चुकलं तर काय सांगायचं, हे सगळं. बाहेरच्यानं येऊन बसायचं आणि आत काम सांगायचं ती जागा म्हणजे ढाळजच की, असं मी म्हटलं आणि आमच्या व्यवस्थेचं नाव ढाळज पडलं. अण्णा लय हसला. 'गिरजे, तुला नावं ठिवायचं भारी जमतंय,' तो म्हणाला होता. हे त्याचं वाक्य मी जपून ठेवलंय, कारण पुढं जे झालं ते नावांवरूनच झालं.

नावांवरून आमचं भांडण पहिल्या दिवसापासून होतं. अण्णाचा हात डॉसवर, म्हणजे कॉलेजातल्या जुन्या व्यवस्थेवर, बसलेला. त्याला फायलीचं नाव म्हणजे सगळी थोरली इंग्रजी अक्षरं, आठाच्या आत, मग टिंब आणि शेपूट. मला ते पटेना. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे तर ल आणि ळ वेगळे कसे दाखवणार? न आणि ण? त आणि ट? मी ठरवलं की आमच्या ढाळजेत धाकटं आणि थोरलं अक्षर ही दोन वेगळी माणसं. धाकटा एल म्हणजे ल, थोरला एल म्हणजे ळ. अण्णा म्हणायचा, 'दुनिया काय येडी हाय का? कुणी वाचणार तुझा ळ?' मी म्हणायचे, 'दुनियेला सोड, बाळ अन् बाल एकाच डब्यात टाकशील का?' शेवटी त्यानं हात टेकले. दुसरा नियमही माझाच. जो फाइल लिहील त्याच्या नावाचं पहिलं अक्षर तिच्या नावाच्या पुढं लागेल, म्हणजे कुठं बिघडलं तर कुणाला उठवायचं ते लगेच कळेल. अण्णाच्या फायली बी पासून, माझ्या जी पासून. मायला मी हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, 'म्हंजे लग्नातल्या भांड्यावर नाव घालत्यात तसं की.' तसंच होतं ते.

माझ्या फायलींतल्या दोन माझ्या विशेष लाडक्या. एकीचं नाव काल. आधी दिलेल्या आज्ञा लक्षात ठेवायचं तिचं काम. दुसरी कळ. माणसानं नावाची पहिली एकदोन अक्षरं टाइप करून टॅबची कळ दाबली की उरलेलं नाव ही पुरं करून देणार. दाबायची ती कळ, आणि यंत्राला मनातलं कळलं म्हणूनही कळ. पोटातून उठते तीही कळच, पण तेव्हा तिकडं माझं लक्ष गेलं नव्हतं. हे पुरं करणं मी शोधून काढलं असं अजिबात नाही, सीडीवरच्या व्यवस्थेतही ते होतं. पण मी ते ज्या तऱ्हेनं लिहिलं ती तऱ्हा सरळ आमच्या दुकानातून उचललेली होती. नावं जुळणारी असतील तर आधी कुठलं दाखवायचं? जे या माणसानं काल मागितलं ते. त्यासाठी कळ कालला विचारून घ्यायची. मास्तरांच्या बायकोला साखर आधी, सुताराला साबण आधी.

एका बाबतीत मात्र मी आप्पांच्या उलट गेले. दुकानात तांड्यावरची एक म्हातारी यायची, फार हळू बोलायची. एकदा भर उन्हाळ्यात ती आली, 'खोब' म्हणाली, आणि आप्पांनी पुडीत खोबऱ्याची वाटी बांधून हातात दिलीसुद्धा. तिला पाहिजे होतं खोबरेल, नातीच्या डोक्याला. ती बिचारी काही न बोलता पुडी घेऊन गेली, तांड्यावर पोचली, सुनेनं दोन शब्द सुनावले असतील, आणि तेवढ्याच उन्हात परत आली. आप्पा हसून म्हणाले, 'आगं मग पुरं बोलायचं की.' तिला पुरं बोलू दिलं होतं कुणी? मला त्यांचा इतका राग आला की मी त्या दुपारी भाकरी खाल्ली नाही. कळमध्ये मी नियम घातला की एकच नाव जुळत असेल तर पुरं करायचं. दोन जुळत असतील तर आपल्या मनानं काही करायचं नाही. टुक् असा आवाज करायचा, दोन्ही नावं दाखवायची आणि माणूस पुढचं अक्षर देईपर्यंत गप बसायचं. माय त्या आवाजाला उचकी म्हणायची. 'लागली बघ उचकी, कुणीतरी आठवण काढायलंय त्याची.'

माझ्या बीएस्सीचं शेवटचं वर्ष सुरू झालं तशी स्थळं यायला लागली. ताडकळसच्या एका कापड दुकानदाराकडचं स्थळ आप्पांच्या मनात भरलं होतं. त्याच सुमाराला अण्णाच्या कॉलेजात पुण्याच्या एका कंपनीचे लोक येऊन गेले. यंत्राच्या पोटातलं काम येणारी पोरं त्यांना हवी होती. ज्यांनी स्वतः काही केलंय त्यांनी ते घेऊन पुण्याला या, असं ते सांगून गेले. अण्णानं घरी येऊन सगळ्यांदेखत सांगितलं, 'आमी दोघंबी जाऊ. ढाळज दोघांची हाय. गिरजीचं काम बघितलं तर तिलाबी घेत्याल.' आप्पांनी वाक्य पुरं करायची घाई केली नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मग म्हणाले, 'पुण्याहून हिला बोलावणं आलं तर ताडकळसवाल्याला थांबा म्हणतो. न्हाई आलं तर मग बोलायचं न्हाई.' त्या एका बोलण्यावर मी हिवाळाभर हवेत होते. गंगाखेडहून एसटीनं येताना खिडकीतून हरभऱ्याची शेतं मागं पळायची आणि मी मनात पुण्याची खोली लावत असायचे, टेबल कुठं, पाण्याचा माठ कुठं.

अण्णा मग एके दिवशी नांदेडला जातो म्हणून निघाला. मित्राच्या यंत्रावर सगळ्या फायलींची फ्लॉपी नीट करून आणतो, मग पुण्याची तारीख ठरवू, असं मला सांगितलं. माय पहाटेपासून धपाटे थापत होती. चटणी बांधली, शेंगदाण्याचा कूट बांधला, दह्याचा डबा फडक्यात आवळला. मी म्हटलं, 'नांदेडला एवढे धपाटे? तिथं जेवाय मिळत न्हाई का?' माय तव्यावरून नजर न उचलता म्हणाली, 'पोरं असत्यात हाटेलात, वाटून खात्यात.' आमच्या मायला खोटं बोलता येत नाही असा माझा समज होता. तो धपाट्यांच्या वासात त्या सकाळी संपला, फक्त मला नंतर कळलं. आजही कुणाकडं धपाटे पुढं आले की मी एक खाते आणि दुसऱ्याला नको म्हणते.

अण्णा परत आला तो बाजाराच्या दिवशी. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तो पेढे घेऊनच आत आला आणि आप्पांनी गादीवरूनच पेढ्याचा बॉक्स उघडून गिऱ्हाइकांना वाटायला सुरुवात केली. 'बसवराज पुण्याला लागला! कंपनीत!' मी दारात उभी होते. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. नांदेडला गेलेला माणूस पुण्याला कसा लागतो? अण्णानं माझ्याकडं बघितलं नाही. तो पाणी प्यायला सरळ आत गेला. मी ढाळजेत आले आणि काय करावं ते न सुचून संगणक सुरू केला. आमची ढाळज उठली. मी जी टाइप केला आणि टॅब दाबला. टुक्. पुन्हा दाबला. टुक्. खाली काही आलं नाही. दोन नावं जुळतात म्हणून लागलेली उचकी वेगळी, तिच्यामागं नावं येतात. ही दुसरी होती. या अक्षराचं इथं कुणी राहत नाही, असं सांगणारी. ती मीच लिहिली होती. मग मी बी टाइप करून टॅब दाबला, आणि पडदा भरून नावं आली. अण्णाच्या फायली होत्या, आणि त्यांच्यात माझ्याही, पुढचं अक्षर काढून बी लावलेल्या. ढाळजेच्या भिंतीपलीकडं लोक आप्पांना पेढा गोड आहे म्हणून सांगत होते.

'अण्णा, माझ्या फायली कुठंयत?' मी विचारलं.

तो तांब्या हातात घेऊन उभा होता. 'हायेत की. कुठं जातील?'

'जीच्या कुठंयत? सगळ्या बी कामून झाल्या?'

'अगं, एक अक्षर बदललंय नुसतं. आत कशालाच हात लावला न्हाई मी. तिथं दोघांचं म्हणलं असतं तर तुझं कुठलं, माझं कुठलं, ह्याच्यातच येळ गेला असता. एकदा मी आत गेलो की तुलाबी वढतो ना. माझं काय चुकलं त्याच्यात?'

'मला सांगून का न्हाई गेलास?'

'सांगितलं असतं तर तू आली असतीस,' तो म्हणाला. त्या दिवशी तो खरं बोलला ते एवढंच.

आवाज ऐकून आप्पा गादी सोडून आत आले. बाजाराच्या दिवशी गादी सोडून! मला वाटलं, आता ते अण्णाला बोलतील. त्यांनी शब्द दिला होता. मी म्हटलं, 'आप्पा, तुमाला ठावं व्हतं?' त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. 'घरातलं घरातच हाय ना? भावाच्या नावावर असलं काय अन् तुझ्या नावावर असलं काय. अन् तुझं नाव तर उद्या बदलणारच हाय, बाई.' आमच्याकडं लग्नात नवरा तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, जुनं माहेरीच राहतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ते माझ्या फायलींपर्यंत येईल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. मी मायकडं बघितलं. ती चुलीपुढं पाठ करून बसली होती आणि नसलेला धूर फुंकत होती. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला मी आजही दुसरा शब्द शोधत नाही. घात केला त्यांनी माझा. तिघांनी मिळून, जेवूखाऊ घालत, लाडानं हाक मारत केला.

ताडकळसवाल्यांना होकार गेला. अण्णा पुण्याला रुजू झाला. मी ढाळजेत जाणं बंद केलं. संगणकावर मायनं जुनं लुगडं झाकून ठेवलं. मग एका बाजाराच्याच दिवशी दुकानातला फोन वाजला आणि आप्पांनी मला हाक मारली. पलीकडून अण्णा. आवाज उतरलेला. कंपनीतल्या साहेबाला ढाळजेतली एकच गोष्ट मनापासून आवडली होती, टॅब दाबल्यावर नाव पुरं होणं, आणि काल मागितलेलं आधी दिसणं. चालू ढाळजेत ते दिसत होतं. साहेबानं म्हटलं, हे कसं लिहिलंय ते उघडून दाखव. अण्णानं फ्लॉपी उघडली तर कळ नाही.

'गिरजे, कळ कुठाय? काल हाय, कळ न्हाई. घरच्या मशिनवरबी न्हाई वाटतं, निघायच्या आदल्या रात्रीच मी तिथलं पुसून फ्लॉपीवरचंच परत टाकलं व्हतं.'

मला क्षणात उलगडलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. त्यानं नावं बदलायला फायली डॉसच्या फ्लॉपीवर घेतल्या होत्या. इंग्रजीत दोन्ही नावं के-ए-एल, फरक फक्त धाकट्या-थोरल्या एलचा, आणि डॉसला धाकटं थोरलं कळत नाही, त्याला सगळे एल सारखे. आधी कळ उतरली, मागून काल उतरली, आणि डॉसनं दोघींना एकच समजून दुसरीला पहिलीच्या जागी बसवलं. आमच्या ळ ला ल समजून ती फ्लॉपी माझी कळ गिळून बसली होती. कुणी वाचणार तुझा ळ, म्हणाला होता ना? आणि मूळचं लिहिलेलं त्यानं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. तयार भाकरीतून पीठ परत काढता येत नाही, तसंच चालू ढाळजेतून ते लिखाण परत निघणारं नव्हतं. ते आता एकाच ठिकाणी शिल्लक होतं, माझ्या डोक्यात.

'तुला पाठ असंल,' अण्णा म्हणाला. 'लिहून पाठव. ह्या बारीला तुझं नाव सांगतो साहेबाला, आईशपथ.'

दुकान भरलेलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, 'मी दे…'

तेवढ्यात आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. 'देती म्हणायलीय ती. लावतो कामाला आजच. तू फिकीर करू नको.'

मी फोन परत ओढून घेतला. आप्पांच्या हातातून कुणी काही ओढून घेतलेलं त्या दुकानानं पाहिलं नव्हतं. 'देणार न्हाई,' मी म्हटलं. 'पुरं ऐक अण्णा. देणार न्हाई. त्या फायलीच्या पुढं बी हाय ना? मग बीलाच इच्यार.' आणि फोन ठेवला. तांड्यावरची म्हातारी पायरीवर बसली होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, 'आप्पा, खोबरेल.' पुरा शब्द. आप्पांनी निमूट बाटली काढून दिली.

माझं लग्न झालं. तांदळाचं ताट पुढं आलं तेव्हा मी नवऱ्याला हळूच म्हटलं, आहे तेच नाव लिहा. माणूस भला निघाला, त्यानं गिरिजा लिहिलं आणि सासूबाईंचा रुसवा वर्षभर सोसला. ताडकळसलाच मी पुढं मुलामुलींना संगणक शिकवायला लागले आणि त्यातच केस पांढरे केले. कळ मी पुन्हा कधी लिहिली नाही. लिहिता आली नसती असं नाही, अजून ओळीन् ओळ पाठ आहे. अण्णाचं काही अडलं नाही. त्यानं साहेबाला काहीतरी सांगितलं असेल, साहेब विसरला असेल, तो चढत चढत मोठ्या जागी गेला. मला ओढून घेण्याचं त्यानं पुन्हा काढलं नाही. दिवाळीला साड्या यायच्या, चांगल्या यायच्या. माय जायच्या आधी एकदा माझा हात धरून म्हणाली होती, 'धपाटे करताना मला रडू येत व्हतं गं.' रडत रडत का होईना, तिनं ते थापलेच होते.

गेल्या श्रावणात अण्णाला झटका आला. अर्धं अंग गेलं आणि बोलणं गेलं. शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं येतं, पुढचं येत नाही. वहिनीचा फोन आला, तुमचं नाव घेतायत, 'गि, गि' म्हणतायत, एकदा येऊन जा. मी गेले. ज्या पुण्यात माझी खोली लागायची होती तिथं मी पहिल्यांदा त्याच्या घरी उतरले ती अशी. वहिनी आता आप्पांसारखी झालीय. तो 'पा' म्हणतो, ती पाणी देते. 'खि' म्हणतो, खिडकी लावते. चुकलं की तो मान हलवून हलवून दमतो आणि मग जे मिळेल ते घेतो. मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पलंगाशी बसले. त्यानं चांगला असलेला हात माझ्या हातावर ठेवला, ओठ जुळवले, आणि म्हणाला, 'मा…'

वहिनीला हुंदका फुटला. 'माफ कर म्हणतायत ताई. इतकी वर्षं मनात होतं त्यांच्या.' त्याचा मुलगा तोंड फिरवून उभा राहिला. खोलीतल्या सगळ्यांनी तो शब्द पुरा करून टाकला होता आणि आता ते माझ्याकडं बघत होते. मी अण्णाकडं बघत होते. त्यानं मान हलवली नाही, पण ती त्याला धड हलवताही येत नव्हती. 'मा' नं सुरू होणारा अण्णाचा दुसरा एक शब्द मला चांगला आठवत होता. ढाळजेत तांब्या हातात धरून तो म्हणाला होता, माझं काय चुकलं त्याच्यात. माफ आणि माझं. दोन्ही जुळत होते. आणि दोन जुळत असतील तर काय करायचं, हे मी फार वर्षांपूर्वी ठरवून ठेवलं होतं.

'अण्णा,' मी म्हटलं, 'फुडलं अक्षर सांग.'

वहिनीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी दगड आहे. अण्णानं तोंड उघडलं. कपाळावर शिरा ताणल्या, जीभ टाळूला लागली, सुटली. बराच वेळ तो धडपडत होता. मग पुन्हा म्हणाला, 'मा…'

मी हात तसाच राहू दिला. शब्द पुरा केला नाही.